मुंबई ते दिल्ली : अंतर एक, वेळा अनेक

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळापासून दिल्लीच्या इंदिरा गांधी आंतरराष्ट्रीय विमानतळापर्यंतचे हवाई अंतर सुमारे १,१३८ किलोमीटर आहे. या मार्गावर नेहमी दिसणारी एअरबस ए-३२० जातीची विमाने उंचीवर गेल्यावर ताशी सुमारे ८३० किलोमीटर वेगाने उडतात. साधा भागाकार केला तर हा प्रवास एक तास बावीस मिनिटांत संपायला हवा. वेळापत्रकात मात्र त्याला सव्वादोन तासांच्या आसपास वेळ दिलेला असतो. वरची पन्नासेक मिनिटे कुठे जातात, हे पाहिले की विमानप्रवासाचे अंतर आणि वेळ यांचे नाते उलगडते. अंतर भूमितीने ठरते आणि ते बदलत नाही. वेळ मात्र वाऱ्यावर, आकाशातल्या हद्दींवर, विमानाच्या जातीवर आणि धावपट्टीपुढच्या रांगेवर अवलंबून असते.

अंतर कसे मोजतात

मुंबई सेंट्रल ते नवी दिल्ली हे रेल्वेचे अंतर जवळजवळ १,३८५ किलोमीटर आहे. गाडी सुरत, वडोदरा, रतलाम, कोटा अशी गावे घेत जाते, त्यामुळे अंतर वाढते. हवाई अंतरात गावे, नद्या, डोंगर यांचा हिशेब नसतो. पृथ्वीच्या पृष्ठभागावरून दोन ठिकाणांना जोडणारी सर्वांत आखूड रेषा म्हणजे हवाई अंतर.

पृथ्वी गोल असल्याने ही रेषा वाकडी असते. पृथ्वीच्या केंद्रातून आणि त्या दोन ठिकाणांतून जाणारा एक सपाट काप कल्पनेने घेतला, तर पृष्ठभागावर जे वर्तुळ उमटते त्याला बृहद्वृत्त म्हणतात. विषुववृत्त हे एक बृहद्वृत्तच आहे. समोरासमोरची दोन रेखावृत्ते मिळूनही एक बृहद्वृत्त होते. दोन शहरांमधला सर्वांत जवळचा मार्ग नेहमी अशा वर्तुळाच्या कमानीवरून जातो. शाळेतल्या पृथ्वीगोलावर दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरला, तर तो आपोआप याच कमानीवर येतो.

आकडा काढण्यासाठी दोन्ही विमानतळांचे अक्षांश आणि रेखांश पुरतात. मुंबईचा विमानतळ १९.०९ अंश उत्तर अक्षांशावर आणि ७२.८७ अंश पूर्व रेखांशावर आहे. दिल्लीचा २८.५७ अंश उत्तर आणि ७७.१० अंश पूर्व येथे. गोलीय त्रिकोणमितीच्या सूत्रात हे आकडे घातले की दोन्ही ठिकाणांनी पृथ्वीच्या केंद्राशी केलेला कोन मिळतो. तो सुमारे १०.२४ अंश भरतो. पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६,३७१ किलोमीटर धरली, तर एका अंशाला जवळजवळ १११.२ किलोमीटर होतात. दोन्हींचा गुणाकार म्हणजे १,१३८ किलोमीटर.

हा हिशेब पृथ्वी अगदी गोल मानून केलेला आहे. प्रत्यक्षात ती ध्रुवांपाशी किंचित चपटी आहे. विषुववृत्तापाशी तिची त्रिज्या ६,३७८ किलोमीटर, तर ध्रुवांपाशी ६,३५७ किलोमीटर आहे. हा चपटेपणा हिशेबात घेतला, तर मुंबई–दिल्ली अंतर सुमारे तीन किलोमीटरने कमी येते. एकाच मार्गाचे अंतर निरनिराळ्या ठिकाणी थोडे वेगळे छापलेले दिसते, त्याचे एक कारण हे आहे.

दुसरे कारण आणखी साधे आहे. हवाई अंतर दोन शहरांचे नसून दोन विमानतळांचे असते. मुंबई–गोवा हे त्याचे चांगले उदाहरण. दक्षिण गोव्यातील दाबोळी विमानतळ मुंबईपासून सुमारे ४२५ किलोमीटरवर आहे. उत्तरेकडे, सिंधुदुर्गाच्या सीमेजवळ असलेला मोपा विमानतळ सुमारे ३९० किलोमीटरवर आहे. तिकिटावर दोन्हीकडे गोवाच लिहिलेले असले, तरी अंतरात पस्तीसेक किलोमीटरचा फरक पडतो.

विमान वाहतुकीत अंतर किलोमीटरमध्ये सांगत नाहीत, सागरी मैलात सांगतात. अक्षांशाच्या एका अंशाचे साठ भाग केले, तर त्यातल्या एका भागाची पृष्ठभागावरची लांबी म्हणजे साधारण एक सागरी मैल. दर्यावर्दी लोकांची ही जुनी रीत विमानांनी उचलली. १९२९ मध्ये आंतरराष्ट्रीय परिषदेत सागरी मैलाची लांबी १,८५२ मीटर अशी पक्की करण्यात आली. तासाला एक सागरी मैल हा वेग म्हणजे एक नॉट. या हिशेबाने मुंबई–दिल्ली अंतर सुमारे ६१५ सागरी मैल होते.

नकाशावरची सरळ रेषा

मुंबई–दिल्लीसारख्या लहान मार्गावर नकाशावरची सरळ रेषा आणि बृहद्वृत्ताची कमान यांत फारसा फरक दिसत नाही. अंतर वाढले की तो ठळक होतो. भिंतीवर टांगलेला जगाचा नेहमीचा नकाशा बहुधा गेरार्ड मर्केटर याने १५६९ मध्ये मांडलेल्या पद्धतीचा असतो. त्यात रेखावृत्ते एकमेकींना समांतर काढलेली असतात. खऱ्या पृथ्वीवर ती ध्रुवांकडे जवळ येत जातात. रेखांशाचा एक अंश मुंबईच्या अक्षांशावर सुमारे १०५ किलोमीटर रुंद असतो, लंडनच्या अक्षांशावर तोच ६९ किलोमीटर उरतो. उत्तर गोलार्धात पूर्व–पश्चिम जाताना थोडे उत्तरेकडे झुकून गेले की वाट आखूड होते, ती यामुळेच.

मुंबई ते लंडनचा हीथ्रो विमानतळ हे बृहद्वृत्तावरचे अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आहे. ही कमान मुंबईहून वायव्येला अरबी समुद्रावरून निघते, पाकिस्तानचा बलुचिस्तान आणि पूर्व इराण ओलांडते, कॅस्पियन समुद्र व कॉकेशस पर्वताच्या परिसरातून काळ्या समुद्राकडे वळते, आणि युक्रेन, पोलंड, जर्मनी यांच्यावरून लंडनला पोहोचते. वाटेचा बरोबर मध्य जॉर्जियाची राजधानी तिबिलिसी हिच्या आसपास येतो. दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को या मार्गाची कमान तर थेट आर्क्टिक महासागरावरून, ७५ अंश उत्तर अक्षांशाच्याही पलीकडून जाते, आणि तिची लांबी सुमारे १२,४०० किलोमीटर असते.

पृथ्वीचा परीघ सुमारे ४०,००० किलोमीटर असल्याने कोणतीही दोन शहरे एकमेकांपासून सुमारे २०,००० किलोमीटरपेक्षा दूर असू शकत नाहीत. सिंगापूर–न्यू यॉर्क ही आजच्या सर्वांत लांब नियमित विनाथांबा सेवांपैकी एक आहे. तिचे अंतर जवळजवळ १५,३५० किलोमीटर असून प्रवासाला साडेअठरा तासांच्या आसपास लागतात. दुसऱ्या टोकाला स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांपैकी वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे यांच्यामधली सेवा आहे. तिथे अंतर तीन किलोमीटरहूनही कमी आहे आणि वारा अनुकूल असेल तर उड्डाण दोन मिनिटांच्या आत आटोपते.

प्रत्यक्ष वाट

बृहद्वृत्ताची कमान ही कमीत कमी लांबी असते. उडालेले विमान त्यापेक्षा थोडे जास्तच अंतर कापते. त्याला पहिले कारण धावपट्टी. विमान शक्यतो वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने उडते आणि उतरते. मुंबईची मुख्य धावपट्टी पूर्व–पश्चिम आहे, आणि वारा बहुतेक वेळा समुद्राकडून येतो. त्यामुळे दिल्लीला निघालेले विमानही आधी पश्चिमेला समुद्रावर झेपावते आणि मग वळून उत्तर–ईशान्येला लागते. दिल्लीला उतरतानाही त्याला धावपट्टीच्या रेषेत येण्यासाठी फेरा घ्यावा लागतो. शहराच्या आकाशात शिरण्याच्या आणि तिथून बाहेर पडण्याच्या वाटा आधीच आखून दिलेल्या असतात.

दुसरे कारण हवाई मार्ग. आकाश मोकळे दिसले तरी त्यात नाव आणि क्रमांक असलेल्या वाटा असतात. विमान एका ठरलेल्या बिंदूकडून दुसऱ्या बिंदूकडे जाते, आणि त्याच्यावर नजर ठेवणारा नियंत्रण कक्ष हद्दीप्रमाणे बदलत जातो. भारताचे आकाश मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई अशा चार मुख्य विभागांत वाटलेले आहे. हवाई दलाचे राखीव क्षेत्र वाटेत असेल, तर त्याला वळसा पडतो. वाहतूक कमी असेल तेव्हा नियंत्रक वैमानिकाला पुढच्या एखाद्या बिंदूकडे सरळ जाण्याची मुभा देतात आणि चार-पाच मिनिटे वाचतात. पावसाळ्यात उलटे होते. बारा-पंधरा किलोमीटर उंचीपर्यंत चढलेल्या गडगडाटी ढगांत कोणीही विमान घालत नाही. त्यांना बगल देण्यात कित्येक किलोमीटर वाढतात.

तिसरे कारण राजकीय आहे. प्रत्येक देशाचा आपल्या भूमीवरच्या आकाशावर हक्क असतो आणि तो ते बंद करू शकतो. २०१९ च्या फेब्रुवारीअखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत पाकिस्तानचे आकाश भारतीय विमानांच्या नेहमीच्या मार्गांसाठी बंद होते. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने ते भारतीय विमान कंपन्यांना पुन्हा बंद केले, आणि भारतानेही पाकिस्तानी विमानांसाठी आपले आकाश बंद केले. याचा फटका दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्या विमानांना अधिक बसला. त्यांना आधी नैर्ऋत्येला अरबी समुद्राकडे उतरून मग पश्चिमेची वाट धरावी लागली, आणि उत्तर अमेरिकेला जाणाऱ्या काही विमानांना इंधनासाठी मध्येच थांबावे लागले. मुंबई समुद्रकाठी असल्याने तिथल्या विमानांना हा वळसा तुलनेने कमी पडला. युक्रेनचे आकाश फेब्रुवारी २०२२ पासून नागरी विमानांना बंद आहे. म्हणजे मुंबई–लंडन कमानीचा सुरुवातीचा भाग भारतीय कंपन्यांच्या विमानांना, तर शेवटाकडचा भाग कोणत्याही प्रवासी विमानाला बंद झाला.

अशा आकाशबंदीची मोठी किंमत फिनलंडच्या फिनएअर कंपनीने मोजली. रशियाच्या आकाशातून हेलसिंकी–टोकियो प्रवासाला साडेनऊ तासांच्या आसपास लागत. २०२२ मध्ये रशियाने युरोपीय कंपन्यांना आकाश बंद केल्यावर हीच विमाने उत्तर ध्रुवाकडून किंवा दक्षिणेकडून वळसा घालून जाऊ लागली आणि प्रवास सुमारे तेरा तासांवर गेला. दोन्ही शहरे होती तिथेच आहेत, हवाई अंतराचा आकडाही तोच आहे.

चौथे कारण सुरक्षिततेचे. दोन इंजिनांच्या विमानाचे एक इंजिन बंद पडले, तर उरलेल्या एका इंजिनावर ठराविक वेळात उतरता येईल असा विमानतळ वाटेत असावा लागतो. १९५३ मध्ये अमेरिकेने ही मर्यादा साठ मिनिटांची ठेवली होती. इंजिने भरवशाची होत गेली तशी १९८५ मध्ये ती काही विमानांसाठी १२० मिनिटांवर आली आणि पुढे आणखी वाढली. म्हणून आज दोन इंजिनांची विमाने महासागर सरळ ओलांडू शकतात. पूर्वी त्यांना किनाऱ्यालगत किंवा बेटांजवळून जावे लागे.

वेग म्हणजे नेमका कोणता वेग

ए-३२० किंवा बोईंग ७३७ जातीची विमाने ध्वनीच्या सुमारे ०.७८ पट वेगाने उडतात. बोईंग ७८७ सारखी मोठी, लांब पल्ल्याची विमाने सुमारे ०.८५ पट वेगाने. अकरा किलोमीटर उंचीवर तापमान प्रमाण वातावरणात उणे ५६ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. थंड हवेत ध्वनी हळू जातो, त्यामुळे तिथे त्याचा वेग ताशी सुमारे १,०६० किलोमीटर भरतो. म्हणजे पहिल्या गटातल्या विमानांचा वेग ताशी सुमारे ८३० किलोमीटर आणि दुसऱ्या गटातल्यांचा सुमारे ९०० किलोमीटर होतो.

इतक्या उंचीवर जाण्याचे कारण हवेची विरळता. अकरा किलोमीटरवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे तीस टक्केच असते. विरोध कमी होतो आणि तेवढ्याच इंधनात विमान अधिक लांब जाते. पण तिथे पोहोचायला वीस-पंचवीस मिनिटे लागतात, आणि त्या वेळात वेग पूर्ण नसतो. जमिनीपासून दहा हजार फुटांपर्यंत तर तो सर्वसाधारणपणे २५० नॉट, म्हणजे ताशी सुमारे ४६० किलोमीटर, एवढ्यावर बांधलेला असतो. उतरणीची सुरुवातही विमानतळापासून दोनशेक किलोमीटर अलीकडेच होते. मुंबई–दिल्लीच्या १,१३८ किलोमीटरपैकी पूर्ण वेगाने जाण्याचा टप्पा त्यामुळे बराच आखडतो. मुंबई–गोव्यासारख्या मार्गावर विमान वर चढून स्थिरावते न स्थिरावते तोच उतरू लागते. लांब प्रवासात चढण-उतरणीचा वाटा नगण्य होतो, आणि सरासरी वेग पूर्ण वेगाच्या जवळ येतो.

वैमानिक नेहमी शक्य तितक्या जास्त वेगानेही जात नाही. वेग वाढवला की वेळ वाचते पण इंधन जास्त जळते. वेळेचा खर्च आणि इंधनाचा खर्च यांचे प्रमाण कंपनी ठरवते आणि विमानाचा संगणक त्यानुसार वेग निवडतो. इंधन महागले की विमाने थोडी सावकाश उडतात.

वाऱ्याचा हिशेब

वर सांगितलेला वेग हवेच्या तुलनेत असतो. प्रवाशाला मात्र जमिनीवरचे अंतर कापायचे असते, आणि हवा स्वतःच वाहत असते. समोरून ताशी ८० किलोमीटर वारा असेल, तर ताशी ९०० किलोमीटर वेगाच्या विमानाचा जमिनीवरचा वेग ८२० उरतो. पाठीमागून तेवढाच वारा असेल तर तो ९८० होतो. मुंबई–लंडनचे ७,२०० किलोमीटर वारा नसताना आठ तासांत कापले जातील. समोरच्या वाऱ्यात त्यांना आठ तास सत्तेचाळीस मिनिटे लागतील, पाठीमागच्या वाऱ्यात सात तास एकवीस मिनिटे. जाण्या-येण्याची बेरीज सोळा तास न होता सोळा तास आठ मिनिटे होते. जाताना गमावलेली वेळ येताना पूर्ण भरून निघत नाही, कारण विरुद्ध वाऱ्यात विमान जास्त वेळ असते आणि अनुकूल वाऱ्यात कमी.

मध्य अक्षांशांवर नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या वेगवान वाऱ्याच्या पट्ट्याला जेट प्रवाह म्हणतात. विषुववृत्ताकडची उबदार हवा आणि ध्रुवाकडची थंड हवा यांच्या तापमानातील फरक आणि पृथ्वीचे स्वतःभोवती फिरणे या दोन्हींमुळे तो निर्माण होतो. १९२० च्या दशकात जपानी हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी फुगे सोडून या वाऱ्यांचे मोजमाप केले होते. पण आपले निष्कर्ष त्यांनी एस्पेरांतो भाषेत छापले, आणि जगाचे तिकडे फारसे लक्ष गेले नाही. दुसऱ्या महायुद्धात उंचावरून जपानवर उडणाऱ्या अमेरिकी वैमानिकांना या वाऱ्याचा जोर प्रत्यक्ष अनुभवावा लागला.

हिवाळ्यात या प्रवाहाची एक शाखा उत्तर भारतावरून जाते. दिल्लीहून कोलकात्याला जाणारे विमान त्यामुळे कोलकात्याहून दिल्लीला येणाऱ्या विमानापेक्षा काही मिनिटे लवकर पोहोचते. मुंबई–दिल्ली मार्ग मुख्यतः दक्षिणोत्तर आहे, म्हणून तिथे पश्चिमेचा वारा बाजूने लागतो. विमान नाक किंचित वाऱ्याकडे वळवून तिरके उडते आणि वाट धरून राहते. पावसाळ्यात चित्र पालटते. भारतीय द्वीपकल्पावर उंच थरात पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारा जेट प्रवाह तयार होतो.

अनुकूल वाऱ्याची कमाल फेब्रुवारी २०२० मध्ये दिसली. युरोपात सियारा हे वादळ घोंघावत असताना ब्रिटिश एअरवेजचे बोईंग ७४७ न्यू यॉर्कहून निघून चार तास छप्पन्न मिनिटांत लंडनला पोहोचले. जमिनीच्या तुलनेत त्याचा वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या पुढे गेला होता. हा ध्वनीपेक्षा जास्त वेग नव्हे, कारण भोवतीच्या हवेच्या तुलनेत विमान नेहमीच्याच वेगाने उडत होते.

वाऱ्यामुळे लांबची वाट जवळची ठरू शकते. एअर इंडियाने डिसेंबर २०१५ मध्ये सुरू केलेली दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को सेवा आधी अटलांटिक महासागरावरून जात असे. ऑक्टोबर २०१६ मध्ये कंपनीने जाताना पॅसिफिकची वाट धरली. अटलांटिकवरून सुमारे १३,९०० किलोमीटर पडत, पॅसिफिकवरून सुमारे १५,३०० किलोमीटर. चौदाशे किलोमीटर वाढले, तरी पाठीमागून वारा मिळाल्याने प्रवास साडेचौदा तासांत झाला आणि पूर्वीपेक्षा कमी वेळ लागला. जानेवारी २०२१ मध्ये त्याच कंपनीच्या सॅन फ्रान्सिस्को–बंगळूर विमानाने उत्तर ध्रुवावरची वाट घेतली. कॅप्टन झोया अग्रवाल यांच्या नेतृत्वाखालील वैमानिकांचा सगळा चमू महिलांचा होता.

पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, म्हणून पश्चिमेला जाणाऱ्या विमानाकडे त्याचे ठिकाण आपणहून सरकत येते, असा एक समज आहे. तो चुकीचा आहे. मुंबईच्या अक्षांशावर जमीन ताशी सुमारे १,५८० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे जाते, पण तिच्यासोबत हवा आणि हवेतले विमानही जाते. पृथ्वीचे फिरणे वाऱ्यांची दिशा घडवते, आणि तेवढ्यापुरताच त्याचा प्रवासाच्या वेळेशी संबंध येतो.

जमिनीवरची मिनिटे

वेळापत्रकातली वेळ उड्डाणाची नसते. विमान दरवाजे बंद करून जागेवरून मागे ढकलले जाते तेव्हा ती सुरू होते, आणि पोहोचल्यावर चाकांना अडसर लागून विमान थांबते तेव्हा संपते. मुंबईत मागे ढकलणे, इंजिने सुरू करणे, धावपट्टीपर्यंत जाणे आणि रांगेत उभे राहणे यांत पंधरा ते पंचवीस मिनिटे सहज जातात. दिल्लीचा विमानतळ चार धावपट्ट्यांचा आणि विस्तीर्ण आहे. तिथे उतरल्यावर जागेवर यायलाही दहा-पंधरा मिनिटे लागू शकतात. प्रत्यक्ष हवेतला वेळ उरतो पावणेदोन तासांच्या आसपास.

मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात. दोन्हींवर एकाच वेळी स्वतंत्रपणे विमाने उतरवता येत नाहीत, त्यामुळे हा विमानतळ व्यवहारात एका धावपट्टीवर चालतो. संध्याकाळच्या गर्दीत येणाऱ्या विमानांना वर घिरट्या घालत पाळीची वाट पाहावी लागते. दिल्लीत डिसेंबर–जानेवारीतले दाट धुके हीच अडचण उभी करते. अशी वाट पाहावी लागणार हे गृहीत धरून कंपन्या वेळापत्रकात काही मिनिटे आधीच वाढवून ठेवतात. एखादे विमान वीस मिनिटे उशिरा सुटूनही वेळेवर पोहोचते, ते याच शिलकीवर.

याच अनिश्चिततेमुळे विमानात नेमके १,१३८ किलोमीटरपुरते इंधन कधीच भरत नाहीत. ठरलेल्या वाटेचे इंधन, अनपेक्षित खर्चासाठी थोडे जास्त, दिल्लीला उतरता न आल्यास जयपूर किंवा लखनौसारख्या पर्यायी विमानतळावर जाण्यापुरते, आणि तिथेही अर्धा तास घिरट्या घालता येतील एवढे, असा हिशेब असतो.

घड्याळाचा फेर

दूरच्या प्रवासात तिकिटावरच्या वेळा आणखी फसव्या असतात, कारण सुटण्याची आणि पोहोचण्याची वेळ त्या त्या ठिकाणच्या घड्याळाप्रमाणे छापलेली असते. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावर ठरवलेली असून ती ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे आहे. हिवाळ्यात मुंबईहून दुपारी एकला निघालेले विमान दहा तासांनी लंडनला पोहोचले, तर तिथे संध्याकाळचे साडेपाच वाजलेले असतात. घड्याळे पाहणाऱ्याला प्रवास साडेचार तासांचा वाटेल. परतीचे विमान लंडनहून रात्री नऊला निघून नऊ तास उडाले, तर मुंबईत सकाळचे साडेअकरा वाजलेले असतील आणि प्रवास साडेचौदा तासांचा भासेल. उन्हाळ्यात ब्रिटनची घड्याळे एक तास पुढे केली जातात, तेव्हा फरक साडेचार तासांवर येतो. खरी वेळ काढायची तर दोन्ही वेळा एकाच घड्याळात आणूनच वजाबाकी करावी लागते.

वेग वाढला, मग थांबला

टाटा कंपनीच्या नियमित हवाई टपालसेवेची सुरुवात १५ ऑक्टोबर १९३२ रोजी झाली. जे. आर. डी. टाटा यांनी पस मॉथ जातीचे छोटे विमान कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईला जुहू येथे आणले. सकाळी निघालेले विमान दुपारी पोहोचले. पुढे नेव्हिल व्हिन्सेंट यांनी टपाल मद्रासला नेले. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे कॉन्स्टेलेशन विमान मुंबईहून कैरो आणि जिनीव्हामार्गे लंडनला निघाले. पंख्यांच्या त्या विमानाला इतके अंतर एका दमात कापता येत नव्हते, आणि लंडन गाठेपर्यंत १० जून उजाडला. १९६० मध्ये कंपनीच्या ताफ्यात बोईंग ७०७ हे जेट विमान आले आणि प्रवासाचे तास झपाट्याने घटले.

त्यानंतर मात्र प्रवासी विमानांचा वेग जवळजवळ तिथेच थांबला. ध्वनीच्या वेगाजवळ गेले की हवेचा विरोध एकदम वाढतो आणि इंधनाचा खर्च परवडेनासा होतो. ध्वनीच्या दुप्पट वेगाने उडणारे काँकॉर्ड १९७६ ते २००३ या काळात प्रवासी सेवेत होते. फेब्रुवारी १९९६ मध्ये त्याने न्यू यॉर्क–लंडन अंतर दोन तास त्रेपन्न मिनिटांच्या आत कापले. पण त्याचे इंधन, आवाज आणि तिकीट तिन्ही भारी होते. गेल्या साठ वर्षांत प्रवासाची वेळ कमी झाली ती वाटेतले थांबे गळाल्यामुळे. विमानाचा पल्ला वाढला, वेग फारसा वाढला नाही.

साधा अंदाज

या सगळ्यातून प्रवाशाला उपयोगी पडेल असा एक ठोकताळा मांडता येतो. किलोमीटरमधल्या हवाई अंतराला ८०० ने भागावे आणि आलेल्या तासांत पाऊण तास मिळवावा. मुंबई–दिल्लीसाठी उत्तर येते दोन तास दहा मिनिटे, मुंबई–दाबोळीसाठी सव्वा तास. दोन्ही वेळापत्रकाच्या जवळ आहेत. मोठ्या, वेगवान विमानांच्या दूर पल्ल्यासाठी ८५० ने भागणे अधिक बरोबर ठरते. मुंबई–लंडनसाठी मग सव्वानऊ तास येतात. जाताना वारा विरुद्ध असतो आणि वळसाही पडतो, म्हणून त्यात अर्धा ते एक तास वाढवावा. येताना थोडा कमी करावा. दिल्लीहून युरोप–अमेरिकेला जाणाऱ्या मार्गांवर मात्र कोणत्या देशाचे आकाश उघडे आहे हे पाहिल्याशिवाय असा अंदाज टिकत नाही.